बीथोवनच्या वह्या आणि देलोजचे हात

वाढत्या वयाबरोबर ऐकू येणे हळूहळू कमी होत जाते, तेव्हा आवाज एकदम नाहीसा होत नाही. आधी व्यंजने गळतात. स, श, फ, थ यांसारखे उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम बोथट होतात. स्वर बराच काळ टिकून राहतात. परिणामी कोणी तरी बोलत आहे हे समजते, काय बोलत आहे ते समजत नाही. प्रस्तुत लेखक हा अनुभव गेली सहा-सात वर्षे घेत आहे. वर्गात मागच्या बाकावरून आलेल्या प्रश्नाचा सूर कानावर पडतो, शब्द पडत नाहीत. आणि न समजलेल्या प्रश्नाला समजल्यासारखे उत्तर देण्याची एक लाजिरवाणी सवय अंगवळणी पडते. श्रवणयंत्राने काही काळ निभावले. आता वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी भारतीय सांकेतिक भाषेचे प्राथमिक धडे गिरवायला आरंभ केला आहे. इतका उशीर का झाला, याचे प्रामाणिक उत्तर शोधू लागल्यावर आपल्यासारख्या इतरांनी पूर्वी काय केले असेल हे पाहावेसे वाटले.

श्रवणशक्ती गमावत गेलेल्यांत सर्वपरिचित उदाहरण अर्थातच बीथोवनचे. १७७० साली बॉन येथे जन्मलेला हा संगीतकार १७९२ पासून व्हिएन्नात स्थायिक झाला आणि तिशीला पोचण्यापूर्वीच त्याच्या कानांत अखंड गुणगुण सुरू झाली. जून १८०१ मध्ये वेगेलर या आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की, आपण बहिरे आहोत हे लोकांना सांगता येत नाही, म्हणून जवळजवळ दोन वर्षे तो मेळाव्यांना जाणेच टाळत आहे. हळू बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कोणी ओरडून बोलले तर ते सहन होत नाही, अशीही तक्रार तो करतो. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कोणत्याही श्रवणतज्ज्ञाला ओळखीचे वाटेल. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, हायलिगेनश्टाट या गावी त्याने भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते त्याने कधीच पाठवले नाही; १८२७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले. लोकांशी बोलताना 'मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य आपल्याला होत नाही, ही त्या पत्रातील मुख्य वेदना आहे. एकाकीपण आले ते कानांमुळे जेवढे, तेवढेच ही गोष्ट लपवण्याच्या धडपडीमुळे, असे ते पत्र वाचताना जाणवते.

पुढे यंत्रज्ञ मेल्त्सेलने त्याच्यासाठी धातूचे कर्णे तयार केले. १८१८ च्या सुमारास तेही अपुरे पडू लागले आणि संभाषणवह्या सुरू झाल्या. भेटीला आलेला माणूस वहीत लिहून विचारी आणि बीथोवन बहुधा तोंडाने उत्तर देई. अशा सुमारे १४० वह्या आज उपलब्ध आहेत. साहित्याच्या अभ्यासकाने या वह्यांच्या घडणीकडे अवश्य लक्ष द्यावे. त्यांत पुतण्या, लेखनिक, प्रकाशक, स्वयंपाकीण असे सगळे बोलत आहेत. ज्याच्यासाठी वही उघडली त्याची वाक्ये मात्र क्वचितच सापडतात. संवादाची एकच बाजू कागदावर उरली आहे.

याच व्हिएन्नात बीथोवनच्या आगमनापूर्वी तेरा वर्षे एक वेगळी घटना घडली होती. सम्राट दुसरा जोसेफ १७७७ साली पॅरिसला गेला असता त्याने धर्मोपदेशक शार्ल-मिशेल द लेपे याची बहिऱ्या मुलांची शाळा पाहिली. लेपेने बहिऱ्यांमध्ये आधीपासून रूढ असलेल्या खुणा स्वीकारून आणि त्यांना फ्रेंच व्याकरणाची जोड देऊन शिक्षण सुरू केले होते. प्रभावित झालेल्या सम्राटाने १७७९ साली व्हिएन्नात तशीच शाळा स्थापन केली. म्हणजे ज्या शहरात युरोपातील सर्वांत प्रसिद्ध बहिरा माणूस पेन्सिल आणि वहीवर दिवस काढत होता, त्याच शहरात बहिरी मुले हातांनी मनसोक्त बोलत होती. बीथोवन त्या भाषेकडे वळला नाही.

त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. त्याची वाचा शाबूत होती, भोवतालचे सगळे ऐकणारे आणि लिहिता-वाचता येणारे होते. वही ही त्या परिस्थितीतील व्यवहार्य तोड होती. त्याने एकट्याने खुणा शिकल्या असत्या तरी त्या समजणार कोणाला? तरीही हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता, अशी शंका येते. सांकेतिक भाषा ही धर्मादाय शाळेतल्या 'मुक्या' मुलांची, दया करण्याजोग्यांची वस्तू मानली जात होती. कान गमावलेला सुशिक्षित मनुष्य स्वतःला त्या रांगेत उभा करायला तयार नसे. 'मूकबधिर' या आपल्या जुन्या जोडशब्दातही हीच भिंत दडलेली आहे.

ही भिंत ओलांडलेला एक माणूस मात्र त्या काळी पॅरिसमध्ये होता. पिएर देलोज हा फ्रान्समधील तूरेन प्रांतातला. सातव्या वर्षी देवी येऊन त्याची श्रवणशक्ती गेली. तोवर तो लिहायला-वाचायला शिकला होता. पॅरिसला येऊन त्याने पुस्तकबांधणीचा व्यवसाय पत्करला. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्याला इतर बहिऱ्यांचा सहवास नव्हता. सुट्या, विस्कळीत खुणांवर तो कसाबसा भागवत असे. मग त्याची गाठ एका जन्मजात बहिऱ्या इटालियन माणसाशी पडली. तो कोणाच्या तरी घरी नोकर होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. खुणा कशा जुळवायच्या, त्यांतून सलग विचार कसा मांडायचा, हे या निरक्षर नोकराने साक्षर देलोजला शिकवले.

१७७९ साली, म्हणजे व्हिएन्नातील शाळा सुरू झाली त्याच वर्षी, देलोजचे पुस्तक निघाले. बहिऱ्या माणसाने लिहून प्रसिद्ध झालेले हे पहिले ज्ञात पुस्तक. देशां नावाच्या एका धर्मोपदेशकाने खुणांऐवजी वाचेवर भर देणारी शिक्षणपद्धती मांडली होती. तिचा प्रतिवाद करण्यासाठी देलोजने लेखणी उचलली. पॅरिसमधील बहिरे कामकरी आपसांत जगभरच्या घडामोडींची चर्चा खुणांनी करतात आणि त्यांना कोणताही विषय वर्ज्य नाही, असे तो ठासून सांगतो. या भाषेचा जनक लेपे नव्हे, ती बहिऱ्यांनी स्वतः घडवली आहे, हा त्याच्या पुस्तकाचा खरा निष्कर्ष होय.

एका माणसाने शिकून भागत नाही, ही बीथोवनच्या बाबतीत दिसलेली अडचण अमेरिकेतील एका बेटाने सोडवली होती. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण एकोणिसाव्या शतकात मोठे होते. चिलमार्क गावात तर सुमारे २५ माणसांमागे एक जन्मतः बहिरा असे. तेथे ऐकणारेही सांकेतिक भाषा सहज बोलत. मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्या गावात बहिरेपण ही कोणाची ओळखच नव्हती असे दाखवले आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हाही आनुवंशिकतेच्या शोधात या बेटावर जाऊन आला होता. त्याच्या आईची श्रवणशक्ती क्षीण होत गेली होती आणि लहानपणी तो तिच्याशेजारी बसून बोटांच्या वर्णमालेने घरातली संभाषणे तिला पोचवत असे. तरीही मोठेपणी तो सांकेतिक भाषेचा कट्टर विरोधक बनला. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने शाळांत वाचापद्धतीच श्रेष्ठ असल्याचा ठराव केला, तेव्हा १६४ प्रतिनिधींत बहिरा असा एकच होता. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल, व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली.

भारतातही त्या विचाराची सावली दीर्घकाळ राहिली. मुंबईत १८८० च्या दशकात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, पण विसाव्या शतकात आपल्याकडील बहुतेक शाळांनी ओठ वाचण्यावर आणि उच्चारांवरच भर दिला. खुणा चालत राहिल्या त्या वर्गाबाहेर. मदन वसिष्ठ यांची कहाणी या दृष्टीने देलोजशी नाते सांगणारी आहे. हिमाचलातील गगरेट गावी अकराव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. पुढे दिल्लीला छायाचित्रणाचे शिक्षण घेताना त्यांना इतर बहिरे तरुण भेटले आणि भाषाही भेटली. १९६७ साली ते अमेरिकेतील गॅलोडेट येथे शिकायला गेले आणि नंतर भारतीय सांकेतिक भाषेच्या पहिल्या शास्त्रीय अभ्यासांत त्यांचा वाटा राहिला. २०१५ साली दिल्लीत या भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द जमा झाले.

या भाषेत 'काय', 'कोण', 'कुठे' हे विचारणारी खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते, हे पहिल्याच आठवड्यात शिकलो. शिकवणारी तरुणी जन्मतः बहिरी आहे आणि वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. माझी बोटे जड आहेत, चेहरा त्याहून जड. भुवया उंचावल्याशिवाय प्रश्न पूर्ण होत नाही, हे ती मला रोज बजावते. पस्तीस वर्षे शिकवल्यानंतर असे शिकणे प्रारंभी अवघड गेले, हे कबूल केले पाहिजे. उशीर होण्याचे कारणही तेच असावे. पत्नीनेही याच वर्गात नाव घातले आहे, कारण घरात समोर कोणी नसेल तर ही भाषा वहीतच राहील.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू होईल. पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगणार आहे की मला नीट ऐकू येत नाही. प्रश्न विचारायचा असेल तर पुढे येऊन, माझ्याकडे तोंड करून विचारा, किंवा चिठ्ठीवर लिहून द्या. कोणाला ही भाषा येत असेल, तर त्याने हातांनी विचारावे. समजले नाही तर तसे सांगेन.