सुट्टीतली पुस्तकं आणि एक हरवलेलं काव्य

सुट्टीत आसेगावला जाताना कोणती पुस्तकं न्यायची, हा दरवर्षीचा घोळ. या वेळी ठरवलं, आपल्या वाशीम जिल्ह्याशी नातं सांगणारीच न्यायची.

वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या शाखेचा संस्थापक, चौथ्या शतकातला राजा सर्वसेन, स्वतः कवी होता. कृष्ण सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणतो, त्या कथेवर त्याने माहाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' रचलं. खरं तर तेच न्यायचं होतं. पण अख्खं काव्य आज उपलब्धच नाही! काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात त्याचा उल्लेख केला, धारच्या भोजाने अकराव्या शतकात त्यातली पद्यं उदाहरणादाखल घेतली, म्हणून निदान काही तुकडे तरी उरले. जे राजाच्या राज्याला जमलं नाही, ते दूरच्या वाचकांनी केलं.

मग स. आ. जोगळेकरांची 'गाथासप्तशती' (१९५६) घेतली. त्यातल्या काही गाथा जुने टीकाकार सर्वसेनाच्या नावावर सांगतात. सोबत वा. वि. मिराशींचं वाकाटकांवरचं पुस्तक. आणि हो, एक कोरी वही, आवडलेलं उतरवून घ्यायला. भोजाने तरी वेगळं काय केलं?

तुमच्याकडे आहे का अशी वही?