समुद्रातला गॅस आणि आपली टाकी

गटाच्या बैठकीत गॅसच्या टाकीचा विषय निघाला की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो, "मुंबईजवळ समुद्रात गॅस सापडलाय ना, मग आपल्याला एवढा महाग का?" त्यासाठी जरा मागे जाऊ.

फेब्रुवारी १९७४. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने खोदलेल्या विहिरीला तेल लागले. तीच मुंबई हाय. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही वर येई. तेल जहाजात भरून आणता आले, पण वायू आणायला पाइप नव्हता. म्हणून तो समुद्रातच जाळून टाकत. इकडे आपल्या आया-आज्या सरपणासाठी रान तुडवत होत्या.

पुढे समुद्राच्या तळातून उरणपर्यंत पाइप आला. तिथे या वायूतून टाकीत भरायचा गॅस वेगळा काढतात. उरलेल्या वायूपासून अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात युरिया बनतो. म्हणजे समुद्रातला तो वायू आपल्या चुलीशी आणि शेताशीही जोडलेला आहे.

जगातही हेच दिसते. जमिनीखालचा साठा सर्वांत जास्त रशिया, इराण आणि कतारकडे. पण वर्षाला सर्वांत जास्त वायू काढते अमेरिका. इराणचा साठा प्रचंड, तरी बाहेर विक्री थोडी. घरचा वापर मोठा, त्यात व्यापारावर निर्बंध. छोट्या कतारने मात्र वायू अतिशय थंड करून त्याचा द्रव केला आणि जहाजात भरला. २००४ पासून तो गुजरातमधल्या दहेजला उतरतो.

आपल्या देशाला लागणारा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू बाहेरून येतो. टाकीतला गॅस तर निम्म्याहून जास्त, तोही मुख्यतः आखाती देशांतून. म्हणून तिकडे लढाई पेटली की भावाची झळ इथे सिन्नर-निफाडच्या स्वयंपाकघरात लागते.

मैत्रिणींनो, साठा असणे वेगळे आणि तो हाती येणे वेगळे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघर कनेक्शन आले. पण टाकी कोपऱ्यात आणि धूर डोळ्यांत, अशी घरे आम्ही आजही पाहतो. येत्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचे, वर्षभरात टाकी किती वेळा भरली? ज्या बहिणीची भरली नाही, तिच्यासाठी गट काय करू शकतो, हे त्याच दिवशी ठरवू.