वल्ही आणि वारा

इसवी सन ८९१ मधली गोष्ट. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एक होडी येऊन लागली. अडीच बैलांच्या कातड्यापासून ती बनवलेली होती. तिच्यात तीन आयरिश माणसे होती आणि सात दिवसांची शिदोरी होती. मात्र वल्ही नव्हती. ती वाटेत हरवली नव्हती, तर निघतानाच बरोबर घेतलेली नव्हती. देवाच्या प्रेमाखातर आपल्याला परदेशी होऊन राहायचे आहे, कोठे ते आपण ठरवणार नाही, अशी त्या तिघांची धारणा होती. सातव्या दिवशी त्यांना जमीन लाभली. तेथून ते राजा आल्फ्रेडच्या भेटीला गेले आणि राजाच्या काळात लिहिल्या जाणाऱ्या बखरीत या घटनेची नोंद झाली.

आज उन्हाळ्यात आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिडाच्या लहान नौका घेऊन हौशी मंडळी चार-पाच दिवसांच्या सुट्टीवर निघतात. ती दिवसभर किनाऱ्याच्या कडेकडेने जातात, संध्याकाळी एखाद्या निवांत खाडीत नांगर टाकतात, छोटी होडी वल्हवत वाळूपर्यंत पोहोचतात आणि अंगावर काटा आणणाऱ्या थंडगार पाण्यात उडी घेतात. शीड, वल्हे आणि थंड पाणी या तिन्ही गोष्टी त्याच किनाऱ्यावर तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीही होत्या. परंतु त्या काळी त्यांना सुट्टी हे नाव नव्हते. ती प्रार्थना होती. एकाच समुद्राची ही दोन रूपे एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्या होडीविषयी. आयरिश भाषेत तिला ‘करक’ म्हणतात. लाकडी फासळ्यांचा हलका सांगाडा बांधायचा आणि त्यावर ओक वृक्षाच्या सालीने कमावलेले बैलाचे कातडे ताणून शिवायचे, अशी तिची जुनी घडण. आज कातड्याची जागा डांबर फासलेल्या कॅनव्हासने घेतली आहे. परंतु केरी परगण्यात आणि अरान बेटांवर ही होडी अजून दिसते. ती इतकी हलकी असते की तिघे-चौघे जण ती उलटी करून डोक्यावर घेतात आणि चालू लागतात. लांबून पाहणाऱ्याला अनेक पायांचा एक काळा किडाच वाळूवरून निघाल्यासारखा वाटतो. तिची वल्ही अरुंद असतात आणि होडीच्या काठावरच्या खुंटीत अडकवलेली असतात. त्यामुळे हात सोडला तरी ती वाहून जात नाहीत. ही होडी पाणी कापत जात नाही, लाटेवर स्वार होते. खडकाळ किनाऱ्यासाठी आणि अटलांटिकच्या उंच लाटांसाठी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून ती घडली आहे.

या होडीत बसून मठवासी घराबाहेर का पडले? आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला तो मोठ्या छळाविना. तेथे रोमन सम्राटांची सत्ता नव्हती आणि रक्त सांडून साक्ष देण्याचे प्रसंग क्वचितच आले. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या एका जुन्या आयरिश प्रवचनात रक्तसाक्षित्वाचे रंग सांगितले आहेत. रक्त सांडणारे ते लाल; देवासाठी आपल्या प्रिय असलेल्या सर्वांचा त्याग करणारे ते पांढरे. कुळ हेच ज्या समाजात माणसाचे संरक्षण आणि ओळख होती, तेथे आपले माणूस आणि आपली माती सोडून जाणे म्हणजे जिवंतपणी मरण पत्करणेच होते. या पांढऱ्या रक्तसाक्षित्वाची वाट त्या बेटवासीयांसाठी साहजिकच समुद्रावरून गेली.

संत कोलंबा इसवी सन ५६३ मध्ये बारा सोबत्यांसह आयर्लंड सोडून स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडे आले आणि आयोना नावाच्या चिमुकल्या बेटावर त्यांनी मठ स्थापला. शतकभरानंतर त्याच मठाचे मठाधिपती झालेल्या संत अॅडोम्नान यांनी त्यांचे चरित्र लिहिले. या चरित्रात समुद्र पानोपानी आहे: वाऱ्याची वाट पाहणारे पाहुणे, भरतीत अडकलेले भाऊ, होडीतले पाणी उपसणारे मठवासी. त्यात कोर्मक नावाच्या एका मठवाशाची हकिकत येते. समुद्रात एकांताचे ‘अरण्य’ शोधण्यासाठी तो तीन वेळा निघाला आणि तिन्ही वेळा रित्या हाताने परतला. तिसऱ्या खेपेला दक्षिणेच्या वाऱ्याने त्याची होडी चौदा दिवस सरळ उत्तरेकडे नेली. तेथे अनोळखी लहान जीवांनी होडीला इतके वेढले की ते कातडे फोडतील अशी भीती वाटू लागली. वल्ह्यांच्या पात्यांनाही ते चिकटले. तिकडे आयोनाला कोलंबांनी सर्वांना प्रार्थनेसाठी बोलावले, वारा फिरला आणि कोर्मक घरी आला. ज्याला अरण्य सापडले नाही, त्या माणसाची ही कथा चरित्रकाराने आदराने जपून ठेवली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शोध फसला तरी तो व्यर्थ गेला असे त्याने मानले नाही.

या सर्व प्रवाशांत कीर्तिमान ठरले ते संत ब्रेन्डन. पाचव्या शतकाच्या अखेरीस केरी परगण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या नावावरचे लॅटिन ‘प्रवासवर्णन’ नंतरच्या शतकांत लिहिले गेले आणि युरोपभर वाचले गेले. त्याची शंभरांहून अधिक हस्तलिखिते आजही उपलब्ध आहेत. देवमाशाच्या पाठीला बेट समजून मठवासी तेथे चूल पेटवतात, हा प्रसंग त्यातलाच. ही कथा म्हणजे काटेकोर इतिहास नव्हे. परंतु लेखकाला होडी ठाऊक होती, यात शंका नाही. कातडे कसे कमावले, सांधे चरबीने कसे माखले, चाळीस दिवसांचे अन्न कसे भरले, शिवाय आणखी दोन होड्यांना पुरेल इतके जादा कातडे कसे बरोबर घेतले, हे सारे तो बारकाईने सांगतो. पंधरा दिवस वारा अनुकूल असतो. मग तो पडतो. मठवासी वल्ही मारतात, अंगातले बळ संपेपर्यंत मारतात. तेव्हा कोठे ब्रेन्डन त्यांना सांगतात की आता वल्ही आत घ्या, शीड मात्र तसेच राहू द्या. देवच आपला सुकाणूधारी आहे.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी कातडे कमावणे आणि शिदोरी भरणे, मग थकेपर्यंत वल्हवणे, आणि सर्वांत शेवटी वल्ही आत घेणे. आयरिश साहित्यातील अशा सागरी कथांना ‘इमराम’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘वल्हवत फिरणे’ असा आहे. वल्ह्यांविना निघालेले ते तिघे आपल्याला भारून टाकतात. परंतु परंपरेने आपल्या कथांना नाव दिले ते वल्हवण्याचे.

थंड पाण्याचेही तसेच. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संत कथबर्ट हे आयोनाहून आलेल्या मठपरंपरेत वाढले. कोल्डिंगहॅम येथील मठाला भेट दिली असता ते रात्री गुपचूप समुद्राकडे गेले, गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि लाटांच्या आवाजात पहाटेपर्यंत देवाची स्तुती गात राहिले. ते बाहेर आल्यावर दोन पाणमांजरांनी आपल्या श्वासाने त्यांचे पाय ऊबदार केले आणि आपल्या केसाळ अंगाने पुसले, असे संत बीड यांनी त्यांच्या चरित्रात लिहिले आहे. बीड यांनीच आणखी एक हकिकत सांगितली आहे. मेलरोझ मठातील ड्रिथेल्म हा बर्फाचे तुकडे वाहत असतानाही नदीत उभा राहून प्रार्थना करी. एवढी थंडी कशी सोसतोस, असे लोकांनी विचारले की आपण याहून मोठी थंडी पाहिली आहे, एवढेच तो म्हणे. मरणाच्या दारातून परतताना त्याला परलोकाचे दर्शन घडले होते.

हे मठवासी सदैव गंभीर चेहऱ्याने वावरत असतील, असा मात्र समज नको. डिक्विल या आयरिश विद्वानाने ८२५ मध्ये लिहिलेल्या भूगोलाच्या ग्रंथात, सुमारे तीस वर्षांपूर्वी उत्तरेच्या थूली बेटावर फेब्रुवारी ते ऑगस्ट राहून आलेल्या धर्मगुरूंची माहिती दिली आहे. हे बेट म्हणजे आइसलँड असावे, असे अभ्यासक मानतात. तेथे उन्हाळ्यातील रात्री इतका उजेड असतो की माणसाला आपल्या सदऱ्यातल्या उवादेखील वेचता येतील, असे त्यांनी त्याला सांगितले. समुद्रावरून परतलेल्या माणसांचे हे बोलणे किती ओळखीचे वाटते!

पण याच समुद्रावरून पुढे व्हायकिंगांच्या नौका आल्या. ८०६ मध्ये आयोनाच्या मठातील अडुसष्ट जणांची हत्या झाली. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर स्केलिग मायकल नावाचा खडक आहे. सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या चढून गेल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी खोल्या दिसतात. तेथील मठाधिपतीला या लुटारूंनी पळवून नेले आणि तो उपासमारीने मेला. पांढऱ्या रक्तसाक्षित्वाच्या वाटेवर लालही आले.

समुद्र सुट्टीचे ठिकाण झाला तो फार उशिरा. हौशी शिडकऱ्यांची जगातील सर्वांत जुनी मानली जाणारी संस्था १७२० मध्ये आयर्लंडमधीलच कॉर्क बंदरात सुरू झाली. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने समुद्राचे पाणी औषधी असल्याचा ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत मंडळी किनाऱ्याकडे धावू लागली. डब्लिनजवळच्या ‘फॉर्टी फूट’ या खडकाळ जागी तर आज लोक नाताळच्या सकाळीही थंड पाण्यात उतरतात. १९९९ मध्ये रॉजर डीकिन या लेखकाने ब्रिटनभरच्या नद्या, तळी आणि खाड्यांत पोहून लिहिलेल्या पुस्तकाने उघड्या पाण्यातील पोहण्याला नवे चाहते मिळाले. यात तप नाही, आरोग्य आणि आनंद आहे. त्यात वावगे काहीच नाही. विश्रांतीही देवानेच सांगितलेली आहे.

तरीही जुनी वाट अधूनमधून डोके वर काढते. टिम सेव्हेरिन या अभ्यासकाने एकोणपन्नास कातड्यांची छत्तीस फुटी होडी हाताने शिवून घेतली आणि १९७६ च्या मे महिन्यात केरीतून प्रस्थान ठेवले. वाटेत हिवाळा आइसलँडमध्ये काढून २६ जून १९७७ रोजी ती होडी न्यूफाउंडलंडला पोहोचली. वाटेत हिमखंडाने कातडे फाडले, तेव्हा बर्फाळ पाण्यात हात घालून ठिगळ शिवावे लागले. ब्रेन्डन अमेरिकेला पोहोचले होते, हे त्याने सिद्ध झाले नाही. पण जादा कातडे बरोबर नेणाऱ्या त्या जुन्या लेखकाचे शहाणपण मात्र सिद्ध झाले.

पुढे २०१४ ते २०१६ या काळात काही आयरिश कलावंतांनी, त्यांत कवी डॅनी शीही होते, स्वतः बांधलेली एक करक दर उन्हाळ्यात काही आठवडे वल्हवत थेट स्पेनमधील सांतियागोच्या तीर्थाकडे नेली. होडीला संत गोबनेट यांचे नाव दिलेले होते. ही सुट्टी होती की यात्रा, हे सांगणे कठीण. २०१७ च्या जूनमध्ये स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेवर मिन्यो नदीच्या मुखाजवळ तीच होडी उलटली आणि शीही यांना मरण आले. होडी चांगली होती, हात सरावलेले होते, मनात श्रद्धा होती. तरीही समुद्राने माणूस नेला. श्रद्धा म्हणजे अपघाताविरुद्धचा विमा नव्हे, हे कोर्मकच्या काळच्या मठवाशांना ठाऊक होते. आपण मात्र ते पुन्हा पुन्हा विसरतो.

उत्तन-वसईच्या किनाऱ्यावर धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा तीर्थजल शिंपडून झाल्यावर कोणी नांगराची दोरी तपासायचे सोडत नाही. आपल्या कोळी बांधवांना हे कोणी शिकवावे लागलेले नाही. गालीलच्या सरोवरात प्रभू पाण्यावरून चालत शिष्यांकडे आला, ती रात्रीची शेवटची घटका होती आणि वारा उलटा होता. मार्काच्या शुभवर्तमानानुसार त्या क्षणी शिष्य काय करीत होते? ते वल्ही मारून हैराण झाले होते. त्याने त्यांना गाठले ते वल्ही मारतानाच.