शॅननच्या दोन सुट्ट्या

सेकंड इयरला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आम्ही के-मॅप घोकले. हे कुणाला आणि कशापायी सुचलं, ते कुणी सांगितलं नाही. पुढे नोकरीत कंटाळा आला तेव्हा मी क्लॉड शॅननबद्दल वाचायला लागलो.

1936 मध्ये मिशिगन विद्यापीठातून गणित आणि इलेक्ट्रिकल अशा दोन पदव्या घेऊन तो एमआयटीत आला. तिथे व्हॅनेव्हर बुशचा डिफरन्शियल अॅनालायझर होता. दांडे आणि चाकं फिरवून समीकरणं सोडवणारं खोलीभर यंत्र. शॅननला त्यापेक्षा जास्त आवडलं त्याचं कंट्रोल सर्किट, म्हणजे शंभरेक रिले. असली सर्किटं तेव्हा अनुभवावर, अंदाजाने जोडत. 1937च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला बेल लॅब्जमध्ये कामाला गेला. टेलिफोन कंपनीचं अख्खं साम्राज्य रिलेंवर चालायचं. एमआयटीत शंभर रिलेंचं कोडं होतं, इथे तेच कोडं देशभर पसरलेलं.

मिशिगनमध्ये शिकलेलं बूलचं तर्कशास्त्र इथे कामी आलं. एकामागे एक जोडलेले दोन स्विच म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले म्हणजे ‘किंवा’. त्याच ऑगस्टमध्ये त्याने मास्टर्सचा प्रबंध दिला. दोन्ही विषय एकाच वेळी माहीत असलेला दुसरा कुणी नव्हता, एवढंच झालं, असं तो नंतर सांगायचा. हे थोडं नम्रपणे आणि थोडं चुकीचं आहे. जपानमध्ये निप्पॉन इलेक्ट्रिकमधला अकिरा नाकाशिमा त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. तोही रिलेंशी झटणारा कंपनीचाच माणूस, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पीएचडीचा विषय मात्र अनुवंशशास्त्राचं बीजगणित. सुचवणारा बुशच. तो प्रबंध 1940 मध्ये संपला आणि फारसा कुणी वाचला नाही. त्या उन्हाळ्यात शॅनन पुन्हा बेल लॅब्जमध्ये. जुलैमध्ये त्याने एक टिपण लिहिलं: एकेका जोडावर येणाऱ्या सगळ्या वायरी वेगवेगळ्या रंगांच्या हव्या असतील, तर एकूण किती रंग लागतील? वायरमनच्या कामातून निघालेला शुद्ध गणिताचा प्रश्न. तो छापून आला 1949 मध्ये.

त्याच जूनमध्ये बुशने वॉशिंग्टनला राष्ट्रीय संरक्षण संशोधन समिती उभी केली होती. विद्यापीठं आणि कंपन्यांना कंत्राटं देऊन शस्त्रं, रडार, तोफा यांवर काम करून घ्यायचं, अशी रचना. शॅनन तोफांकडे आला. विमान आत्ता दिसतंय तिथे नाही, गोळा पोहोचेल तेव्हा असेल तिथे नेम धरायचा. रडारच्या आकड्यांत खरी हालचाल किती आणि गोंगाट किती, हे आधी निवडावं लागतं. ब्लॅकमन, बोडी आणि शॅनन यांनी यावर लिहिलेल्या अहवालात हा प्रश्न संदेशवहनाचाच एक प्रकार म्हणून मांडलाय.

सोबत गुप्तलेखनाचं कामही होतं. 1943च्या सुरुवातीला अॅलन ट्युरिंग बेल लॅब्जमध्ये आला. दोघं कॅफेटेरियात चहाला भेटायचे. दोघांचं काम सांकेतिक भाषेचं, आणि नेमकं त्याबद्दलच बोलायची बंदी. मग यंत्रं विचार करू शकतील का, यावर गप्पा.

सप्टेंबर 1945 मध्ये शॅननचा गुप्तलेखनाचा अहवाल तयार झाला. संदेशाइतकी लांब, खरोखर यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर संकेत फुटूच शकत नाही, याची सिद्धता त्यात होती. शिक्का ‘गोपनीय’. उघडपणे छापायला 1949 उजाडलं. रशियात व्लादिमिर कोटेल्निकोव्हने 1941 मध्येच असंच काही सिद्ध केलं होतं. त्याचा अहवाल कित्येक दशकं कपाटातच राहिला, आणि पाठ्यपुस्तकांत नाव लागलं शॅननचं.

आज संरक्षणातला पीएचडीचा विद्यार्थी कंपनीत काही महिने जायचं म्हणतो, तेव्हा यातलं छापता किती येईल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. शॅननच्या बाबतीत सुटकेची वाट अशी निघाली: संकेतांचं आणि संदेशवहनाचं गणित त्याच्या डोक्यात एकत्रच वाढलं होतं, इतकं की वेगळं करता येऊ नये. एक भाग शिक्क्याखाली अडकला. दुसरा जुलै आणि ऑक्टोबर 1948 मध्ये बेलच्याच नियतकालिकात दोन हप्त्यांत आला. त्यात ‘बिट’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला, आणि तो सुचवल्याचं श्रेय शॅननने जॉन टुकीला दिलंय.