करवतीचा हिशोब: लीलावती आणि माझी पेटी

आजचा भाग माझ्या एका चुकीपासून सुरू होतो.

आईने गोधड्यांसाठी लाकडी पेटी करून घेतली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ती पुरेना. मी मिस्त्रीकाकांना म्हटलं, "हीच पेटी तिन्ही बाजूंनी दुप्पट करा, पैसेही दुप्पट घ्या." काका म्हणाले, "दादा, फळी चौपट लागेल. कापायची मजुरी वेगळी. आणि सागवान घ्याल की साधं लाकूड, त्यावरही आहे." मला वाटलं, हे लुटतायत. मी चार शब्द जास्तच बोललो आणि निघून आलो.

घरी येऊन कागद घेतला. आधीच्या पेटीचे सहा पृष्ठभाग मिळून १० चौरस फूट. नवीन पेटी ४ × २ × २, म्हणजे ४० चौरस फूट. चौपट! आत मावणारं सामान तर आठपट. मी बीटेक, आणि चूक कोणाची? माझी.

पण मजुरीचं काय? त्याचं उत्तर मला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सापडलं. हा ग्रंथ ११५० सालचा. त्यात 'क्रकचव्यवहार' नावाचं एक प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत.

त्यातलं एक उदाहरण बघा. एक ओंडका, बुंध्याशी २० अंगुळं जाड, टोकाला १६, लांबी १०० अंगुळं. तो लांबीत चार ठिकाणी कापायचा आहे. जाडीची सरासरी १८. एका कापाचं क्षेत्रफळ १८०० चौरस अंगुळं, चार कापांचं ७२००. एक हात म्हणजे २४ अंगुळं, म्हणून २४ × २४ = ५७६ ने भागायचं. उत्तर साडेबारा चौरस हात.

इथे ओंडक्याचं घनफळ कोणी विचारतच नाही. कारण करवत ओढणाऱ्याचे कष्ट कापलेल्या पृष्ठभागावर ठरतात. तेवढंच लाकूड, पण काप जास्त, तर घामही जास्त. हा प्रकार भास्कराचार्यांच्याही आधीचा आहे. ६२८ साली ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही करवतीचं गणित येतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. भास्कराचार्य सांगतात की विटांची रास असो, खोदकाम असो की करवतकाम, मोल ठरतं ते कारागिराशी झालेल्या बोलीवर आणि माल मऊ की कठीण यावर. म्हणजे सूत्र क्षेत्रफळ देतं, भाव दोन माणसं बसून ठरवतात. मिस्त्रीकाका हेच तर सांगत होते!

जाता जाता: जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, असं त्यात नोंदवलंय. पितळखोऱ्याला जाणार असाल तर तिकडेही वाट वाकडी करा.

मी काकांकडे परत गेलो, माफी मागितली. तोवर त्यांनी दुसरं काम धरलं होतं. पेटी दीड महिन्याने मिळाली. पैसे त्यांनी आधी सांगितले होते तेवढेच घेतले.

तुमच्या घरातल्या एखाद्या पेटीचा पृष्ठभाग काढून बघा. भेटू पुढच्या भागात!