बिनतारी राउटर, गृहस्थाचे दायित्व आणि मुक्त स्रोत फर्मवेअर : नवी मुंबईच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

दिनांक २६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका घडली. तीत ५६ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व दोनशेहून अधिक जखमी झाल्या. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटे आधी ‘इंडियन मुजाहिदीन’ या नावाने पाठविलेला एक ई-मेल वृत्तवाहिन्यांकडे पोहोचला होता. त्याचा माग काढीत महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत आले. तेथे एक अमेरिकी नागरिक कुटुंबासह राहत होता. ई-मेल त्याच्या इंटरनेट जोडणीवरून गेला होता, परंतु तो त्याने पाठविलेला नव्हता. त्याची बिनतारी जोडणी असुरक्षित होती आणि इमारतीच्या आसपास लॅपटॉप घेऊन उभ्या राहिलेल्या कोणाही त्रयस्थास ती वापरता येण्याजोगी होती. त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही. तथापि मध्यंतरीचे काही आठवडे एका निरपराध गृहस्थाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत बॉम्बस्फोटांच्या संदर्भात छापले जात होते.

सानपाड्याची ही घटना सामान्यतः ‘पासवर्ड न लावल्याचा परिणाम’ म्हणून सांगितली जाते. तेवढे सांगणे अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घरातील एका लहानशा पेटीने जे केले त्याचे उत्तर गृहस्थाने द्यावे, हा व्यवहार या घटनेपासून रूढ झाला. मात्र त्या पेटीत काय चालते हे पाहण्याचे साधन सर्वसाधारण गृहस्थापाशी नव्हते. ते साधन मुक्त स्रोत फर्मवेअरच्या रूपाने त्याआधी पाच वर्षे निर्माण होऊ लागले होते. हे दोन इतिहास आजवर स्वतंत्रपणे सांगितले गेले. येथे ते एकत्र वाचण्याचा प्रयत्न आहे.

सानपाडा ते वाशी

नवी मुंबई हे योजनेतून उभे राहिलेले नगर होय. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नोड व सेक्टर या एककांत विभागलेली, बहुमजली इमारतींची वसाहत खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर आकारास आली. या रचनेत रस्ता, नळ व वीज यांच्या सीमा नकाशावर निश्चित आहेत. रेडिओलहरींना मात्र सेक्टरची सीमा ठाऊक नसते. एका सदनिकेतील राउटरची लहर भिंती ओलांडून शेजारच्या दिवाणखान्यात, जिन्यात आणि खाली वाहनतळापर्यंत पोहोचते.

अशा घरांत बिनतारी राउटर येण्यास तीन गोष्टी कारण झाल्या. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाची व्याख्या केली. २००५ च्या आरंभी एमटीएनएलने मुंबई परिक्षेत्रात दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी जानेवारीत निघालेल्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे घरात व घराबाहेर परवान्याविना वापरण्यास मुभा दिली. परवाना नाही, म्हणून नोंदणी नाही. आणि नोंदणी नाही, म्हणून कोणाच्या घरी कोणती पेटी कोणत्या अवस्थेत चालू आहे याची माहितीही कोणापाशी नाही.

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. सेवादाता ग्राहकाच्या जोडणीस एक आयपी पत्ता देतो. घरातील सर्व संगणक त्या एकाच पत्त्याआडून बाहेरच्या जगाशी बोलतात. पत्त्यांचे हे रूपांतर राउटर करतो. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास घर दिसते, माणूस दिसत नाही. टपालाच्या भाषेत सांगावयाचे तर लिफाफ्यावर इमारतीचा शिक्का असतो, पत्र लिहिणाऱ्याची सही नसते. सानपाड्याच्या तपासात हा शिक्काच आरंभी सही म्हणून वाचला गेला.

पुढील दोन ई-मेलही अशाच मार्गाने गेले. २३ ऑगस्ट २००८ चा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या बिनतारी जाळ्यावरून, तर १३ सप्टेंबर रोजी दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या जाळ्यावरून पाठविला गेला. यांपैकी एक स्थान महाविद्यालय होते, ही बाब अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने अटकसत्र जाहीर केले. शहरात फिरून उघडी जाळी शोधण्याचा व त्यांवरून हे ई-मेल पाठविण्याचा आरोप अटक झालेल्या संगणकतज्ज्ञांवर ठेवण्यात आला.

शासनाची प्रतिक्रिया दोन पातळ्यांवर आली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी बिनतारी जाळी शोधून त्यांच्या मालकांना तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ अन्वये नोटिसा देण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने बिनतारी सेवेच्या सुरक्षित वापराविषयी इंटरनेट सेवादात्यांना सूचना दिल्या. या उपायांची मर्यादा लवकरच दिसली. ७ डिसेंबर २०१० रोजी वाराणसीच्या घाटावर स्फोट झाला आणि त्यानंतरच्या ई-मेलचा माग पुन्हा नवी मुंबईतच, या वेळी वाशीतील एका घराच्या असुरक्षित जोडणीपाशी पोहोचला. सानपाडा व वाशी ही हार्बर मार्गावरील लगतची स्थानके आहेत.

गस्तीवरील पोलिसास जाळे उघडे की कुलूपबंद एवढेच दिसते; कुलूप कोणत्या प्रतीचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या काळी अनेक घरांत वापरात असलेल्या ‘वेप’ या सांकेतिकीकरण पद्धतीतील मूलभूत दोष २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन व शामीर यांनी दाखविला होता. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील संशोधकांनी तिची किल्ली मिनिटभराच्या आत काढता येते हे सिद्ध केले. अर्थात २००९ च्या गस्तीत ‘सुरक्षित’ ठरलेल्या अनेक घरांचे कुलूप शोभेपुरतेच असणार. त्याऐवजी ‘डब्ल्यूपीए’ ही पद्धत हवी होती. जुन्या पेट्यांत ती आणण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे फर्मवेअर बदलणे.

पेटीच्या आतील इतिहास

फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या स्थायी स्मृतीत कायम वसणारी प्रणाली. घरगुती राउटर हा वस्तुतः पडदा व कळफलक नसलेला संगणकच असतो. लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हे प्रतिमान बाजारात आणले. त्यात ४ मेगाबाइट स्थायी स्मृती व १६ मेगाबाइट कार्यकारी स्मृती होती. २००३ मध्ये लिंक्सिस ही कंपनी सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलर मोलाच्या व्यवहारात घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये विकासकांच्या निदर्शनास आले की या निळ्या-काळ्या पेटीतील प्रणाली लिनक्स गाभ्यावर चालते.

लिनक्स हे जीपीएल परवान्याखाली वितरित होते. ते बदलण्यास व विकण्यास मनाई नाही. मात्र जो वितरण करील त्याने ग्राहकास मूळ संहिताही उपलब्ध करून दिली पाहिजे. लिंक्सिसने ती दिलेली नव्हती. याचे कारण अधिक बोलके आहे. राउटरमधील चिप ब्रॉडकॉमची होती आणि तिच्यासोबतचे सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅन या कंपनीत तयार झाले होते. ज्या कंपनीचे नाव पेटीवर छापले होते, तिलाही पेटीत काय आहे याची पुरती कल्पना नव्हती, असे दिसते. सानपाड्याच्या गृहस्थाकडून ज्या ज्ञानाची अपेक्षा पुढे केली गेली, ते पुरवठ्याच्या साखळीत वरच्या टोकालाही नव्हते.

दबाव वाढल्यावर २००३ मध्ये संहिता खुली झाली आणि तिच्यावर काम करणारे अनेक गट उभे राहिले. त्यांपैकी ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जानेवारी २००४ मध्ये सुरू झाला. ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे त्या लिंक्सिस प्रतिमानाच्या नावातूनच आली आहेत. डीडी-डब्ल्यूआरटी व टोमॅटो ही फर्मवेअरही याच कुळातील. (ओपनडब्ल्यूआरटीच्या आरंभीच्या आवृत्त्यांना मद्यमिश्रणांची नावे दिली गेली, हे विद्यार्थ्यांना सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते.) २००५ मध्ये लिंक्सिसने पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून दुसरी प्रणाली बसविली व स्मृती निम्म्यावर आणली. ग्राहकांची मागणी लक्षात घेऊन जुनी रचना ‘जीएल’ या नावाने स्वतंत्रपणे विकण्यास ठेवली. नंतर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने परवानाभंगाबद्दल सिस्कोविरुद्ध डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला. मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला.

पेटी पूर्णपणे खुली झाली, असे मात्र म्हणता येणार नाही. ब्रॉडकॉमचा बिनतारी चालक दीर्घकाळ बंदिस्तच राहिला. रेडिओलहर हाताळणारा भागच नेमका अपारदर्शक होता आणि त्याच्यासाठी विकासकांना जुन्या लिनक्स गाभ्याशी वर्षानुवर्षे बांधून घ्यावे लागले.

या इतिहासातील एक तपशील प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारखान्यातून आलेला लिंक्सिस राउटर चालू करताच रेडिओ सुरू होई. जाळ्याचे नाव ‘लिंक्सिस’, सांकेतिकीकरण नाही आणि व्यवस्थापनाचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’. याउलट ओपनडब्ल्यूआरटीच्या २००७ मधील ‘कामिकाझे’ आवृत्तीत स्थापनेनंतर रेडिओ बंद असे. संरचनेच्या धारिकेत रेडिओ निष्क्रिय ठेवणारी एक ओळ असे आणि ती वापरकर्त्याने स्वतः काढल्याशिवाय लहर बाहेर पडत नसे. सानपाड्याच्या घटनेपूर्वी एक वर्ष हा पर्याय अस्तित्वात होता. सुरक्षिततेचा प्रश्न गृहस्थाच्या दक्षतेइतकाच मूळ मांडणीचाही असतो, हे त्यावरून ध्यानात यावे. नोटीस मात्र गृहस्थाला दिली गेली. मूळ मांडणी ठरविणाऱ्यास कोणी विचारले नाही.

स्थापना व दोषनिवारण

मग मुक्त फर्मवेअर घरोघरी का पोहोचले नाही? उत्तर त्याच्या स्थापनेच्या प्रक्रियेत आहे. पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील आवृत्ती क्रमांक प्रथम पाहावा लागतो. नाव एकच असले तरी आतील स्मृती व चिप वेगळी असू शकते. चुकीची प्रतिमा चढविल्यास उपकरण सुरूच होत नाही. विकासक अशा पेटीस ‘वीट’ म्हणतात. लेखन चालू असताना वीज गेली तरी परिणाम तोच, म्हणून अखंड वीजपुरवठ्याचे साधन जोडल्याशिवाय हे काम करू नये.

सुदैवाने ‘डब्ल्यूआरटी५४जी’मध्ये एक पळवाट होती. आरंभक प्रणालीस सुरू होताना काही सेकंद थांबण्याचा आदेश देता येत असे. त्या अवधीत १९२.१६८.१.१ या पत्त्यावर टीएफटीपीद्वारे नवी प्रतिमा पाठवून मृतप्राय पेटी पुनरुज्जीवित करता येई. हा आदेश मूळ फर्मवेअरमध्ये देण्याची अधिकृत सोय नव्हती. तेव्हा ‘पिंग’ चाचणीच्या पानावरील एका सुरक्षादोषाचा उपयोग करून तो दिला जाई. अधिक सुरक्षित प्रणालीकडे जाण्याचा मार्ग जुन्या प्रणालीच्या छिद्रातून जात होता!

आपल्याकडील जोडण्यांमुळे काही अडचणी विशेषत्वाने उद्भवत. दूरध्वनीच्या तारेवरील ब्रॉडबँडसाठी सेवादात्याचा मोडेम व आपला राउटर अशा दोन पेट्या असत. पुष्कळदा दोहोंचा अंतर्गत पत्ता १९२.१६८.१.१ हाच असल्याने जाळे अबोल होई. अशा वेळी एकीचा पत्ता बदलणे, किंवा मोडेमला केवळ ‘सेतू’ म्हणून ठेवून पीपीपीओई जोडणी राउटरकडून करविणे, हा उपाय होता. या जोडणीत पाकिटाचा कमाल आकार १५०० ऐवजी १४९२ बाइट होतो. त्याची दखल न घेतल्यास काही संकेतस्थळे उघडतात व काही अर्धवट अडकतात. सदोष तारेचा संशय घेऊन तक्रारी नोंदविल्या जातात, पण दोष संख्येत असतो. केबलचालकांच्या जोडण्या बहुधा एका मॅक क्रमांकाशी बांधलेल्या असत. तेथे नव्या राउटरला जुन्या संगणकाचा क्रमांक धारण करावयास लावावे लागे. देशसंकेत निवडण्यातही गफलत होते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील १ ते १३ या वाहिन्या वापरता येतात, अमेरिकेसाठी बनविलेली उपकरणे ११ पर्यंतच पाहतात. मग तेराव्या वाहिनीवरील जाळे एका संगणकास दिसते आणि दुसऱ्यास मुळीच दिसत नाही.

हे सर्व ज्ञान विशेष कठीण नाही, मात्र ते सवडीने मिळवावे लागते. सानपाडा किंवा वाशीतून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराकडून त्याची अपेक्षा करणे रास्त नव्हते. त्याला तंत्रज्ञाने जोडून दिलेली पेटी चालू आहे एवढेच पुरेसे होते.

नोंदींचा प्रश्न

पुढील घडामोडी थोडक्यात सांगता येतील. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘डब्ल्यूपीए२’मधील ‘क्रॅक’ हा दोष मॅथी व्हॅनहूफ यांनी उघड केला, तेव्हा मुक्त फर्मवेअरमध्ये दुरुस्ती काही दिवसांतच आली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या पुष्कळ जुन्या पेट्यांना मूळ फर्मवेअरमध्ये ती मिळाली नाही. परंतु मुक्त प्रकल्पांनाही हार्डवेअरच्या मर्यादा चुकल्या नाहीत. ४ मेगाबाइट स्थायी व ३२ मेगाबाइट कार्यकारी स्मृतीच्या पेट्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची अधिकृत आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. २०२४ च्या अखेरीस याच प्रकल्पाच्या नावाने ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा स्वतंत्र राउटर उपलब्ध झाला. अहमदाबाद खटल्याचा निकाल विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, घटनेनंतर साडेतेरा वर्षांनी दिला. ४९ आरोपी दोषी ठरले व २८ निर्दोष मुक्त झाले.

इतिहासाच्या अभ्यासकास यातील पुराव्याचा प्रश्न अधिक भावतो. सानपाड्याच्या त्या सायंकाळी त्या राउटरशी कोणते उपकरण जोडले गेले, हे सांगू शकणारा साक्षीदार तो राउटरच होता. घरगुती राउटर अशा नोंदी बहुधा कार्यकारी स्मृतीत ठेवतो. जागा भरली की जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते आणि पेटी बंद केली की सर्वच नष्ट होते. मुक्त फर्मवेअरही यास अपवाद नाही. त्यात नोंद पाहता येते, कोणता मॅक क्रमांक किती वाजता जोडला गेला हे कळते. पण हा क्रमांक बदलता येतो, आणि अलीकडील भ्रमणध्वनी तर तो आपणहून बदलतात. नोंदी टिकवावयाच्या असतील तर ओपनडब्ल्यूआरटीत त्या दुसऱ्या संगणकाकडे पाठविण्याची सोय आहे. त्यासाठी प्रणालीच्या संरचनेत त्या संगणकाचा पत्ता भरावा लागतो. स्थापनेनंतर तो रकाना रिकामा असतो.