बरा करणारा किरण, जाळणारा किरण

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. चारच वर्षांत, १८९९ ला, स्टॉकहोममध्ये नाकावरचा त्वचेचा कर्करोग त्यांनी बरा झाला. पण एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली वर्षानुवर्षं स्वतःचा हात किरणांत धरून नळ्या तपासायचा. कर्करोग होऊन तो १९०४ मध्ये गेला. किरण तेच! आज मात्रा मोजून, थोडी थोडी, अनेक दिवस देतात. मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात.

आपल्याकडे १९४५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. व. रा. खानोलकरांनी धोतराच्या घट्ट गाठीखाली होणारा कर्करोग नोंदवला. अशा घासून व्रण पडलेल्या जागी सहसा आधी शस्त्रक्रियाच. नाक, पापणीजवळ मात्र किरण कामी येतात. म्हणून घरात कुणाच्या कमरेवर न भरणारी जखम दिसली, तर नुसतं मलम लावत बसू नका. तुकडा तपासून घ्या.